धुरा

बर्णबा अंभोरे, माझा बाप,
देवळाच्या पेटीचा हिशेब ठेवायचा.
पैचा फरक नाही. पावतीपुस्तकं अजून आहेत,
त्यांना वाळवीसुद्धा लागली नाही.

चुकला तो वखरानं.

मिशनच्या कबरस्तानाला लागून आमचं वावर,
मधे धुरा, धुऱ्यावर एक पळस
आणि मडमेच्या काळात पुरलेले तीन दगड.
दर उन्हाळ्यात बाप एक तास पलीकडे घ्यायचा.
एकच. वीतभर. बरं, हातभर म्हणू.
काळी माती सांगत नाही आपण कोणाच्या ते;
वखर फिरला की सगळी सारखीच.

त्या कडेला लेकरांची ओळ होती,
गोवराच्या साथीतली. नावं नव्हती,
नुसते गोटे, चुना लावलेले.
नाताळाआधी आया येऊन चुना द्यायच्या.
मग आया म्हाताऱ्या झाल्या,
कोणी अकोल्याला लेकाकडे गेली,
चुना उडाला, गोटे गोट्यांत मिसळले,
आणि एका साली तिथं तूर उभी राहिली
पुरुषभर उंच.

आई ती तूर भरडायची,
वरण करायची, आम्हा सगळ्यांना वाढायची
आणि स्वतः ठेच्याशी भाकर खायची.
"मले डाळ बाधते."
सोळा वर्षं बाधली तिला डाळ.

नरक मी पाहिला होता रविवारच्या शाळेत,
फळ्यावर लाल कापडाच्या ज्वाळा;
खाली गळून पडायच्या,
शीलाबाई थुंकी लावून पुन्हा चिकटवायच्या.
पापाची मजुरी काय, तेही पाळक सांगायचे.
मला वाटायचं ती शेवटी मिळते, एकरकमी.
आमच्या घरी ती रोजीनं येत होती.

महिन्याचा पहिला रविवार:
मनुका उकळून गाळलेला रस,
औषधाच्या झाकणाएवढे पेले,
थाळी बाकामागून बाक पुढे सरकायची.
बापाकडे आली की तो दोन्ही हातांनी धरायचा
आणि पेला न उचलता पुढच्याला द्यायचा.
लोक म्हणायचे, किती नम्र माणूस.
पाळकांनी एकदा विचारलं, मनात काही आहे का?
"पोटात आम्ल होते जी."

एका घरात दोन जण असे उपाशी
आणि कणगी भरलेली.

मग मार्थाबाई तायडे आली,
ऐंशीच्या पुढची, हातात चुन्याचा डबा.
तुरीत शिरली. शेंगा अंगावर खुळखुळल्या.
"बर्णबा, माहा पोट्टा कुठीसा हाय रे?"
बापानं चपला काढल्या.
बोट उचललं, आणि ते कुठं ठेवावं
हे त्याला कळेना.
बाई थोडा वेळ थांबली. मग वाकून
पायाजवळच्या एका ढेकळाला तिनं चुना दिला,
हलक्या हातानं, कानामागे पावडर लावावी तसा,
आणि म्हणाली, "हाच असन."

त्या रविवारी बाप मंडळीसमोर उभा राहिला
आणि सगळं बोलला, एकेक तास मोजून,
पेटीचा हिशेब वाचायचा तसा.
पाळकांनी डोक्यावर हात ठेवला.
पेला त्यानं उचलला. हात कापत होता,
अर्धा रस सदऱ्यावर गेला.

क्षमा झाली. मी तिथं होतो, मला शंका नाही.
बाहेर आलो तर तूर तशीच उभी.

धुरा आम्ही दोघांनी मागे घेतला,
टेप लावून, अंदाजानं,
कारण तीन दगडांपैकी एकच सापडला
आणि तोही गोठ्यात, बैलाच्या दावणीला.
सोळा तास सोडले. बाप म्हणाला, आणखी एक सोड.
चूक राहिलीच तर आपल्या अंगावर राहू दे.
आता तिथं कुंदा माजतो, बकऱ्या चरतात,
कोणता गोटा कोणाचा, ते कोणालाच ठाऊक नाही.

बाप पुढच्या वर्षी गेला, शांत गेला.
नवी तूर दुसऱ्या वावरातली, नदीकडची.
मी आईच्या ताटात वरण वाढलं.
तिनं दोन घास घेतले, माझ्यासाठी.
रात्रभर ओकत राहिली.
"बाधते म्हनलं नं तुले," ती म्हणाली,
आणि आता ते खरं होतं.