तेरा मिलिमीटर

बाजूने ओढली की मधमाशी फुगते,
वरून ओढली की नुसती सुतळी.
त्सिसाना माउस सोडते.
अंब्रोलाउरीत वीज पुन्हा जाऊन आलीय,
आणि वडिलांच्या वहीत पेन्सिलने लिहिलंय:
चित्र माशीएवढंच छापायचं. तेरा मिलिमीटर.

चौकटीत आकडा. प्रमाणाला कुलूप.
छापलेल्या कागदावर पट्टी:
तेरा. केसभर इकडेतिकडे नाही.

उरला शेवटचा फोटो.
वडील पोळ्यांपाशी, बाहीवर एक माशी.
नियम तोच, म्हणून ती टक्के वाढवत जाते,
दोनशे, सहाशे, नऊशे वीस,
आणि कडेवरून आधी टोपी जाते,
मग मिशा, खांदा, मागचा डोंगर.

पानात मावली ती
उसवलेली बाही, एक बटण, मनगट.
ती आपलं मनगट शेजारी टेकवते.

दोन बोटं कमी.