चौथा माणूस

माझ्या टेबलावर चार माणसं होती.
सेल्युलॉइडची, वीतभर उंच,
खांद्यात, कोपरात, गुडघ्यात बारीक पितळी खिळे.
आराखड्यावर ठेवायची, वाकवायची, बसवायची,
डोकं छताला लागतं का बघायचं.
खारकिव, साल बासष्ट. मी नोन्ना, चोविशीतली,
नखांत कायम शाई.

वरून निरोप आला : रणगाडा ठेंगणा हवा.
ठेंगणा हवा म्हणजे माणूस कमी हवा.
चालक लागतोच. तोफची लागतोच.
कमांडरला कोण नको म्हणणार?
राहिला गोळे भरणारा.

माझे वडील गोळे भरायचे.
त्रेचाळीस साली, जळत्या गव्हातून.
गोळा मुठीनं आत लोटायचा, उघड्या पंजानं नाही,
नाहीतर बोटं तोफेतच राहतात.
म्हातारपणीसुद्धा ते फडताळाचं दार
मुठीनंच लोटत.

त्यांच्या जागी मी एक रहाट काढला.
अठ्ठावीस गोळे, तिघांच्या पायांभोवती,
पाण्याविना फिरणारे पोहरे.
लोखंडी हात वर येतो, देतो, पुन्हा खाली जातो.
दमत नाही, घाबरत नाही.
सगळं गुप्त होतं. तरी रविवारी घरी सांगितलं.

कांदा चिरता चिरता वडील म्हणाले,
"बरं केलंस. जळायला एक कमी."
मग बऱ्याच वेळानं,
"पण चिखलात पट्टा उतरला की?
चढवायला चौघं लागतात गं.
दोघं ओढतात, तिसरा पहार धरतो,
चौथा शिव्या देतो.
चौथ्याशिवाय पट्टा चढत नाही."

इंजिनाच्या खोलीत सावेली बसायचा.
त्याच्या इंजिनात एकेका नळीत दोन दट्टे,
समोरासमोर धावत येणारे,
आता कपाळमोक्ष, आता कपाळमोक्ष,
आणि केसभर अंतरावरून परतणारे.
"हे माझं लग्न," तो म्हणायचा.
बायको त्याची हसायची नाही.

नाव पडलं चौसष्ट.
पटावर घरं असतात तेवढं.

पुढं वय झालं तशी अंगावर भर पडत गेली.
छातीवर स्फोटकांच्या विटा,
येणाऱ्या गोळ्याआधी स्वतःच फुटणाऱ्या.
अंधारात ऊब हुडकणारा डोळा.
आणि आता म्हणे डोक्यावर जाळी,
मांजर येऊ नये म्हणून खिडकीला लावतात तशी.
वरून येणाऱ्यासाठी.
बासष्ट साली वरून फक्त निरोप यायचे.

बावीसच्या डिसेंबरात लुक्यानचा फोन.
शेजारच्या हलाफिराचा मुलगा, दुरुस्तीच्या शेडमधला.
"रहाट अडकतोय. सतराव्या घरापाशी."
मी चौऱ्याऐंशी वर्षांची. सकाळची गोळी घेतली का आठवत नाही.
सतरावं घर आठवलं.
"डावी खीळ. थंडीत तेल थिजतं तिथं.
लाकडी हातोडी घे. लोखंडी नको.
हळू मार, रागानं नको."

तो हसला. म्हणाला, चालक पोरगा एक मीटर चौऱ्याऐंशी,
आत शिरताना घडी घालावी लागते त्याची.
आम्ही एक सत्तर धरले होते.
भुकेत वाढलेली माणसं मोजली होती ना आम्ही.
ही पोरं पोटभर जेवलेली.

मग म्हणाला, काल दुसरा एक आणला.
नुसतं धूड. मनोरा चाळीस पावलांवर पडला होता,
उलटा, परातीसारखा.
रहाटातले सगळे एकदम पेटले.
"तिघं होते?" मी विचारलं.
काय हा प्रश्न.
मीच मोजून बसवलेले.
"तिघं," तो म्हणाला.

त्या रात्री वीज नव्हती.
मेणबत्तीच्या उजेडात खण उघडला.
चौथा तसाच, पिवळा पडलेला, एक कोपर गंजलेलं.
शिवणयंत्राचं तेल घातलं.
वाकला.
कुठं बसवायचं याला, सुचेना.
मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला.

गुरुवारी पुन्हा फोन.
"हातोडी लागू पडली! आता पट्टा चढवतोय.
तिघं ते, आणि एक मी."

"शिव्या कोण देतंय?"

उत्तर ऐकू आलं नाही,
मागं कुणीतरी
फार जोरात ओरडत होतं.