उलांडीचं अंतर

अकरा वर्षांपूर्वी मडगावात
माझा उजवा खुबा बदलला.
दुखणं गेलं, ते कबूल.
पायही दोन्ही सारखे, टेप लावून दाखवले त्यांनी.
तरी चालताना मी उजवीकडे कलायचो,
आणि तळपणच्या मासळीबाजारात पोरं ओरडायची,
लाट आली, लाट आली!

मी च्यारी. होड्या बांधायचो.
आंब्याचा पेटा, पांगाऱ्याची उलांडी,
मध्ये दोन वाकडे दांडे आणि सुंभ.
उलांडी फार लांब टाकली तर दांडे मोडतात,
जवळ घेतली
तर सुंभ सैल पडतं, होडी मासे भरायच्या आधीच
कुशीवर येते.
हे माप कुठल्या कागदावर नसतं.
बाप हात पसरून उभा राहायचा, आम्ही त्याच्याकडून घ्यायचो.

मग डावा खुबाही झिजला.

बांबोळीला डॉक्टर मिनेझिश,
माझ्या धाकट्या मुलीहून लहान,
पडद्याकडे बघत बराच वेळ गप्प.
म्हणाली, उजव्याला खोबण नीट आहे, गोळा नीट आहे,
पण गोळ्याच्या मध्यापासून मांडीच्या हाडापर्यंतचं अंतर
आठ मिलिमीटर कमी झालंय.
कुशीचा स्नायू ताणच धरत नाही.
मी म्हटलं, म्हणजे उलांडी जवळ घेतली.
तिला कळेना.
तिच्याच पेन्सिलीनं तिच्याच पॅडवर होडी काढली मी,
तेव्हा ती पहिल्यांदा हसली,
आणि तो कागद फाईलला टाचला.

डाव्याला मूळचं माप हवं, म्हणाली,
उजव्यावरून घेता येत नाही,
तो आता साक्षीला चालणार नाही.
जुनी फिल्म आहे?

होती. मांगरात, साच्यांच्या गुंडाळीत.
एक कोपरा मीच कापलेला, नाळेच्या पट्टीचा नमुना करायला.
चंद्रावतीनं कपाळावर हात मारला.
पण डावा खुबा शाबूत होता त्यात,
अकरा वर्षांपूर्वीचा, गुळगुळीत, बेफिकीर.
फिल्मवर हाड थोडं मोठं दिसतं, डॉक्टर म्हणाली,
तेवढं वजा करावं लागेल.
मी म्हटलं, ओलं लाकूड कापताना आम्हीही करतो.

कमरेखाली बधिर, वर जागा,
मध्ये हिरवा पडदा.
एक गोळा बसवला, पाय फिरवून पाहिला, काढला.
दुसरा बसवला. पुन्हा फिरवला.
त्याआधी हातोडी.
पाचर ठोकताना शेवटी आवाज बदलतो,
पोकळ असतो तो एकदम भरीव होतो.
तसा झाला, आणि मी पडद्याअलीकडून म्हणालो,
बसली.
पलीकडे क्षणभर कुणीच बोललं नाही.
मग तिचा आवाज: होय मेस्त, बसली.

आता सहा महिने झाले.
डावा पाय आपला आहे हे विसरायला होतं,
त्याला विचारावंच लागत नाही.
उजवा मात्र जुनाच.
त्याचं पुन्हा उघडू या का, मी विचारलं.
दुखतो का, तिनं विचारलं.
नाही.
मग राहू दे, म्हणाली, आणि खाली बघून
फाईल बराच वेळ लावत बसली,
जणू ती चूक तिची होती.

संध्याकाळी नदीवरून येतो.
चंद्रावती पाठमोरी, चुलीशी.
माझं येणं तिला जिन्यावरूनच कळायचं,
दोन्ही पायांची ती खरड, तो ठेका.
काल म्हणाली, न वळता,
एकच पाय आला काय रे?
दुसरा कुठं ठेवून आलास?