कसर

पालच्या एस्टीतून उतरले लुकमान तडवी,
काखेत साखरेची पिशवी, पिशवीत लुगड्याचा तुकडा,
तुकड्यात पोथी. ते किताब म्हणाले.
मी सावद्यात केळीच्या व्यापाऱ्यांच्या खतावण्या बांधतो,
सोसायटीची रजिस्टरं, शाळेचे हजेरीपट;
उजवीकडून उघडणारं पुस्तक
वर्षाकाठी एखादंच.

मे महिना. खळ पातेल्यातच सुकत होती.
"घाई नाही भो, पण पान मागंपुढं होऊ देऊ नका."
मग शेवटचं पान उघडून वाचलं मोठ्यानं,
माझ्यासाठी मराठीत:
मी ऐकलं बुऱ्हाणपूरच्या अब्दुल वदूदांकडून,
त्यांनी चोपड्याच्या अंध हाफिज बदीउज्जमांकडून,
त्यांनी पाटणच्या एका कागद्याकडून,
त्यानं —
इथं भोक. मसुराएवढं.
पलीकडे यमनचे याह्या कातिब,
आणि नावं तशीच वर चढत गेलेली,
तापीकाठाहून, खारं पाणी ओलांडून,
मदिनेतल्या एका ओट्यापर्यंत.

कसरीनं खाल्लं होतं.
किडा केवढा, नखावर मावेल असा,
आणि माणूस अख्खा.

मी म्हटलं, कागद जुळवून देतो, शाई जुळवतो,
वळणही काढतो हुबेहूब, तुम्ही नाव तेवढं सांगा.
कुठलंही चालेल. कोण बघतं?
लुकमान हसले नाहीत.
"नावं सुचतात हो. तीन सुचतात.
पण माझ्या उस्तादांनी ते उच्चारलं नाही,
त्यांच्याही वेळी भोक होतंच.
न ऐकलेलं लिहिलं
तर ऐकलेली सगळी माणसं
माझ्यामुळं खोटी पडतील."

रात्री खळ शिजवताना मोरचूद टाकलं.
किती, ते चिमटीला माहीत.
चिमटीला कुणी सांगितलं?
लोहारमंडीतले गुलाम दस्तगीर, जिल्दसाज.
दोन वर्षं त्यांच्या ओसरीत खळ घोटली,
गुठळी राहिली की ते बोलत नसत,
पातेलं नुसतं उपडं करत गटारीत.
चाळीस वर्षं गिऱ्हाइकं विचारतात, कुठं शिकलात?
मी सांगत आलो, कुठं नाही, बघूनबघून.
मोरचुदानं कसर मरते म्हणतात.
सगळीच नाही.

पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला, चामडं चढवण्याआधी,
पेन्सिलीनं लिहिलं: खळ, दस्तगीरमियांची.
वर अस्तर डकवून टाकलं.

गुरुवारी ते न्यायला आले, सोबत नात, हुरबानू,
गुडघ्याला मलमपट्टी, दप्तर तसंच पाठीवर.
पानं मोजली. भोक उजेडात धरलं.
मागून मी पातळ कागदाचा आधार दिला होता,
पुढून ते उघडंच.
पोरीनं बोट ठेवलं आणि अरबीत म्हणू लागली,
अब्दुल वदूद, बदीउज्जमा, कागदी,
भोकाशी आली तशी थांबली.
मला वाटलं, अडली.
मी उगाच आजोबांकडं पाहिलं.
ते डोळे मिटून होते.
ती एक श्वास घेत होती, मोजून,
शिकवलेला,
आणि मग यमन.

पैसे देताना लुकमाननी विचारलं,
"हे काम कुठं शिकलात, भो?"
पालची गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता,
तरी मी लोहारमंडीपासून सुरू केलं,
दस्तगीरमियांचं नाव पूर्ण घेतलं.
त्यांना कुणी शिकवलं,
ते मी कधी विचारलंच नव्हतं.
तिथं थांबलो.