उपकेंद्रातलं क्रोटन

खोब्रागडे सिस्टरची बदली झरीला झाली.
चार्ज देताना तिनं मोजून दिलं :
वजनकाटा, दोन खुर्च्या, लसींची पेटी,
आणि यादीत न लिहिलेलं हे क्रोटन,
डालड्याच्या डब्यात, खिडकीपाशी.
"याले पाहजो वं," एवढंच म्हणाली.
काय पाहायचं, ते नाही.

सीतादही होऊन आठवडा झाला असेल.
पानाच्या बेचक्यात कापसाचा पुंजका दिसला.
वाटलं, उडत आला.
आमच्याकडे या दिवसांत कापूस कुठंही असतो,
वेचणाऱ्या बायांच्या केसांत,
एस्टीच्या पायरीवर, बाळाच्या मुठीत.
मी चिमटीत धरला.
तो चालायला लागला.

"पिठ्या ढेकूण," सुगंधा म्हणाली, आमची आशा.
डब्याच्या कडेवरची मुंग्यांची रांग दाखवली.
"पाहा मॅडम, राखतेत त्याइले.
गायकी गाई राखते तसं.
गोड मुततेत ना ते."

मातीवर आणखी वेगळंच.
पांढरी, मऊ बुरशी,
शिळ्या भाकरीवर येते तशी, आणि वर चिलटं.
दोन दिवस नजर ठेवली तेव्हा कळलं :
लसीकरणाला आलेली प्रत्येक बाई
निघताना बाटलीतलं उरलेलं पाणी
डब्यात ओतून जाते.
उरलं पाणी फेकायचं नसतं,
हे टँकरच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही.
डब्याला खाली भोक नव्हतं.

त्याच दुपारी देविदास टेकाम आला,
फवारणीवरून, डोळे चोळत,
अंगाला पंपाचा वास, हाताला कंप.
सदरा काढायला लावला, नळाखाली बसवला,
साबणानं तीनदा धुतला, डोळे नुसत्या पाण्यानं.
एकशे आठला फोन केला.
गाडी येईस्तोवर तो क्रोटनकडे पाहत होता.
"थोडसंक उरलं हाय पंपात. मारू का?
एका फवाऱ्यात साफ होते."
मी म्हटलं, दादा,
काल या खोलीत पोरगी झाली.
तो म्हणाला, "हाव."
बऱ्याच वेळानं
पुन्हा म्हणाला, "हाव."

गाडी गेल्यावर
तीच साबणाची वडी किसली पाण्यात.
काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला
आणि कापसानं कापूस टिपत बसले.
इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरतो
तसाच हात, सवयीनं, आतून बाहेर.
पानाखाली, बेचक्यात, देठाच्या सांध्यात.
मग साबणाच्या पाण्यानं एकेक पान.
कुजकी मुळं कापायला
हातात नाळेची कात्री आली होती,
परत ठेवली, ब्लेड घेतलं.
सुगंधा खिळ्यानं डब्याला भोकं पाडत होती.
काळी माती काढली, नाल्याची रेती मिसळून नवी भरली.

पाटी लिहिली : कुंडीत पाणी टाकू नये.
"लोकाइले राग येईन ना," सुगंधा म्हणाली.
खोडलं. लिहिलं :
उरलं पाणी समोरच्या कडुलिंबाले.

रजिस्टरच्या मागच्या पानावर नोंद आहे.
क्रोटन. स्त्री, हे सुगंधानं ठरवलं. वय माहीत नाही.
पहिला मंगळवार : एकतीस.
दुसरा : चौदा. सात पानं गळाली.
तिसरा : सहा. बुरशी नाही.
टेकाम आला, काळा चष्मा लावून,
पुडीत चुलीची राख घेऊन. "मुंग्याइसाठी."
डब्याभोवती स्वतःच गोल ओढून गेला,
बीपी न मोजताच.
चौथा : शून्य.
शून्यावर काट मारली आहे,
देठाखाली एक होता.
पाचवा : बाळं बावीस, क्रोटन राहून गेलं.
बुधवार : दोन. पुसले.

शेंड्याला एक पान येतंय,
अजून मिटलेलं.
बोटानं उकलून पाहावं वाटतं.
पाहत नाही.