सरावाची वही

ओरेस्ट म्हणाला, आधी खोटंखोटं हरवून दाखव.
म्हणजे खुर्चीत बस, नजर भिंतीवर टांगून ठेव,
हात मांडीवर, कुणीतरी विसरून गेल्यासारखे.
तिनं नाकानं तळवा ढोसला
की वाळवलेल्या माशाचा तुकडा. दोन सेकंदांच्या आत.

मी बेकरीत असते, पहाटे तीनपासून.
म्हणून हिचं नाव पुल्ला,
आमच्याकडचा वेलदोड्याचा गोड पाव, तोच रंग,
पाठीवर वेणीसारखा भोवरा.
थंडर बेमधल्या निम्म्या फिनिश म्हाताऱ्या
बर्फात काठी रोवून थांबतात:
कुत्रीला पाव म्हणतेस, आयला?

तर सराव.
सोमवारी दहापैकी दोन.
मंगळवारी एक, तोही मासा हातात दिसला म्हणून.
मी नजर टांगायची, ती जांभई द्यायची.
मी दगड व्हायची, ती दगडाला टेकून झोपायची.
ओरेस्टनं धान्याच्या कोठारांवर एकतीस वर्षं काढली,
ढिगात पोकळी कुठं आहे ते आवाजावरून ओळखायचा.
टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला,
तुला नाटक जमत नाही
की हिला ते पटत नाही?

मग फेब्रुवारी. हार्डवेअरचं दुकान.
बल्बांच्या रांगेसमोर कुठलातरी माणूस
कुठल्यातरी माणसासारखा खोकला
आणि मी गेले.
कुठं ते विचारू नका. मधला तुकडा नसतोच.
रीळ तुटल्यासारखंही नाही,
तुटलं हे कळायला खुर्चीत कुणी बसलेलं लागतं.

परत आले तेव्हा फरशीवर होते.
मांडीवर अठ्ठावीस किलोंचं गरम ओझं,
तळवा चाटून चाटून ओला,
आणि गल्ल्यावरची मुलगी सांगत होती,
एकदाही भुंकली नाही हो,
पण कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

वहीत लिहिलं: एकापैकी एक.

हे सोपं होतं.
अवघड होती ती, सहा वर्षांची.
अंगात येणं म्हणतात ते हे नव्हे,
बाहेरून कुणी येत नाही, सगळ्या आतल्याच.
एक हिशेब चोख ठेवते. एक फोन उचलत नाही.
भाडं मी भरते.
आणि त्या धाकटीला कुत्र्यांची भीती वाटते.
का, ते तिनं मला सांगितलेलं नाही.

ती आली की माझे गुडघे पोटाशी जातात.
अशा वेळी मांडीवर चढणारा प्राणी तिला काय वाटत असेल,
हा विचार ना मी केला होता, ना ओरेस्टनं.
दोनदा मी कपाटात सापडले मला,
कोटांच्या खाली.
दाराबाहेर पुल्ला, कान पाडून,
शिकवलेलं सगळं बरोबर केलं तरी चुकलं
असं तोंड.

"लांब" हा शब्द शिकवला. तीन आठवडे.
पण म्हणणार कोण? धाकटी तर बोलत नाही.
ओरेस्ट म्हणाला, शब्द सोड, गुडघे शिकव.
मी गुडघे जवळ घ्यायचे,
ती दोन हात मागं सरकली की मासा.
पुन्हा नाटक. पुन्हा जांभई.
बाहेर तळ्यावरचा बर्फ रात्रभर कण्हायचा
आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात,
एक गुडघे मिटून, एक कंटाळून.

एप्रिलच्या नवव्या तारखेची नोंद माझी नाही.
पेन्सिल, मोठ्ठी अक्षरं, एक उलटं:

कुत्री पाठ करून बसली.
दात तिकडे.
मी शेपटी धरली. थोडी.

पाठ करून बसायचं हे हिला कुणी शिकवलं नव्हतं.
ओरेस्टला फोन केला, तो बराच वेळ गप्प,
मग म्हणाला, मीही नाही.

दहापैकी किती, त्या रकान्यात
एक मासा काढलाय, डोळा जरा मोठाच झालाय.
डबा उघडून पाहिला. सात तुकडे कमी.
शेपटी धरण्याला सात लागत नाहीत.
पुल्लाला विचारलं,
तिनं मिशीवरचा खवला जिभेनं काढला
आणि दुसरीकडे पाहिलं.