सहावं पेर

आमच्या गाडीत दोनशे चिरे बसतात.
लवू खालून द्यायचा, मी हौद्यात उभा राहून घ्यायचो,
आणि मोजणी त्याची.
दगड वर गेला की अंगठा एक पेर चढायचा,
करंगळीच्या मुळापासून सुरुवात,
बारा झाले की फाळक्यावर कोळशाची रेघ.
मुकादमाकडे वही होती.
पण भांडण लागलं की वहीपेक्षा
लवूची बोटं खरी ठरायची.

हातमोजे होते. आधीच सांगतो,
कारण चौकशीला आलेल्या साहेबानं तेवढंच विचारलं.
केबिनमध्ये, सीटखाली,
पिशवीची पिनसुद्धा न काढलेले.

आडिवऱ्याच्या सड्यावर त्या दिवशी वारा होता.
नऊ रेघा झालेल्या, वर नऊ.
वाऱ्याचं निमित्त मी नंतर सगळ्यांना सांगितलं.
खरं एवढंच की
माझी पकड बसायच्या आधी मी म्हणालो, सोड.
त्यानं सोडला.
अकरा वर्षांत त्यानं माझ्या शब्दाला
कधी उलटं विचारलं नव्हतं.

जांभ्यावर रक्त दिसत नाही.
आम्ही वाकून शोधत होतो कुठला तो,
निदान धुऊन तरी पाठवावा.
सगळेच त्या रंगाचे, सगळ्यांनाच भोकं.
शेवटी तसाच गेला.
कशेळीच्या कड्यावर, गेस्ट हाउसच्या कुंपणात
कुठेतरी बसलाय, पॉलिश मारलेला,
समुद्राकडे तोंड करून.

सिव्हिलमध्ये डॉक्टरनं विचारलं, तुकडा आणलाय?
मी खिसे चाचपले.
खरंच चाचपले.

चार महिन्यांनी लवू आला.
उचलायला नाही, नुसता मोजायला, निम्म्या मजुरीवर.
काजूखाली उकिडवा बसतो.
चार. पाच.
मग अंगठा वर जातो,
जिथे काहीच नाही तिथे टेकतो,
"सहा" म्हणतो,
आणि पुढच्या बोटावर उतरतो.
मुकादम म्हणाला, लवू, तुझा डझन आता अकराचा रे.
पोरं हसली. लवूही हसला.
गाडी खाली करताना मी दोनदा मोजले.
दोनशे.

मी आता सोड म्हणत नाही.
घेतला म्हणतो,
तेही छातीला टेकल्यावर.
तोवर खालचा नवा पोरगा
वजन धरून ताटकळतो, आईवरून शिव्या घालतो.
घालू दे.